बेटावर न्यायच्या कॅन

मी चौथीपर्यंत शिकले. समुद्र पाहिला नाही आणि आता पाहणारही नाही. तरी एका वर्षी आमच्या घरात दोन महिने समुद्राशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

ते वर्ष कापसाचं वाईट होतं. बोंडात गुलाबी अळी शिरली होती आणि लोक आठवड्यातून दोनदा फवारत होते. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. सकाळी दार उघडलं की त्याचाच वास यायचा. वाळत घातलेल्या धुण्याला तो वास, माझ्या मुलाच्या केसांना तो वास. शेजारच्या गावातली दोन माणसं आमच्या वावराला लागून फवारता फवारता धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडली. दोघांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. एकच परत आला. त्यानंतर फवारायला मजूर मिळेना, तेव्हा मुलगा जेवताना म्हणाला, "दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या का पोरगा धरन पंप."

पोरगा म्हणजे माझा नातू. चौदा वर्षांचा, अंगानं काडी. त्याच्याहून मोठी नात, सतरा वर्षांची, पांढरकवड्याला कॉलेजात जायची. दोघांना झाडापाखरांचं वेड. ती दिसलेल्या पाखरांची नावं वहीत लिहायची, तो बिया आणि खेकड्यांची कवचं डब्यात जमवायचा. पंपाचं ऐकून नात दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, सुट्टीत अंदमानले जाऊ."

"कोणाच्या घरी?"

"कोणाच्या नाई व. बेट हाय ते. चारही बाजूनं समुद्र."

"मंग तिथं करता काय?"

"पाहू. तिथं अशी झाडं हायेत, त्यायच्या मुळ्या पाण्याच्या वर उभ्या राह्यतात. अन् नारळ फोडणारा खेकडा हाय."

"खेकडा तं आपल्या नदीतही हाय. त्याले नारळ देऊन पाह्य."

ती हसली नाही. हळूच म्हणाली, "तो घरी राह्यला तं बाबा त्याले पंप देतीन."

मला तेवढंच हवं होतं. बेट असो नाहीतर बैलबाजार असो, पोराला त्या वासातून बाहेर काढायचं होतं. मी मुलाला सांगितलं की दोन्ही पोरांना घेऊन मी जाते, पैसे माझ्या कापूस वेचणीचे.

"घरी नळाले पाणी नाई अन् तुम्ही समुद्र पाहून राह्यले," तो म्हणाला. पण नाही म्हणाला नाही. त्या दिवशी त्याचे डोळे इतके चुरचुरत होते की तो ओला फडका बांधून बाजेवर पडला होता.

मग बेत सुरू झाला. बियाण्याच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नातीनं सगळं लिहिलं. बल्लारशाहून मद्रासची गाडी, तिथून जहाज. विमान नाही. जहाजात सगळ्यात खालचा वर्ग, एकावर एक फळ्या, खिडकी नाही. तीन-चार दिवस तसंच पडून राहायचं. बेटावर लॉज नाही, जिथं परवानगी मिळेल तिथं आपली ताडपत्री. खायला दशम्या, भाजलेले शेंगदाणे, जवसाची चटणी, चिवडा. माझ्या नावापुढं तिनं लिहिलं, पाणी. गाडीत आणि जहाजात पाणी विकत घ्यायला लागलो तर परतीचं तिकीट निघणार नाही, असा तिचा हिशोब होता. ती म्हणाली, "पाण्याचं तू पाह्य."

मी पाहिलं. गुरांच्या कोठ्यात औषधाच्या तीन रिकाम्या कॅन होत्या. पांढऱ्या, पाच लिटरच्या, जाड, चांगल्या बुचाच्या. अशी कॅन आमच्याकडे कोणी फेकत नाही. धुऊन घासलेट ठेवतात, तेल आणतात, वावरात पाणी नेतात. मीही वर्षानुवर्षं नेलं. तीन माणसं, तीन कॅन. वरची चित्रं मी चाकूनं खरवडून काढली. राख आणि गोटे घालून प्रत्येक कॅन खळखळली, मग सोड्याचं कढत पाणी, मग चार दिवस ऊन. नाक लावलं तर वास आला, तेव्हा निंबाचा पाला घालून आणखी दोन दिवस ठेवल्या. मग वास गेला. किंवा त्या वर्षी सगळीकडेच तो वास होता, म्हणून मला कळला नाही.

एक कॅन तळाला गळत होती. नातवानं ती विळ्यानं उभी चिरून दोन परळ केले, पाखरांच्या पाण्यासाठी. दांडा असलेला अर्धा भाग त्यानं अंगणातल्या निंबाला टांगला, दुसरा पडवीत ठेवला. दोन दिवसांनी निंबाखाली एक साळुंकी मेलेली सापडली. नंतर दोन होले. नात वहीत लिहून ठेवायची, किती, कोणतं, पंख कसे होते.

"फवारलेल्या वावरातून आले असतीन," मी म्हटलं. पडवीतल्या परळातलं पाणी माझ्या कोंबड्या पीत होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. म्हणून पाण्याचा संशय कोणालाच आला नाही.

सुट्टीला आठ दिवस होते. नातीनं ठरवलं की आधी एक दिवस तालीम करायची. पैनगंगेच्या पात्रात आमच्या गावाजवळ एक बेट आहे. बेट म्हणजे रेती, लव्हाळा आणि दोन करंजाची झाडं. मधल्या धारेत गुडघाभर पाणी. तिथं दिवसभर राहायचं, नेलं तेवढंच खायचं, नेलं तेवढंच पाणी प्यायचं. उरलेल्या दोन कॅनपैकी एक मी पहाटे भरली. नातवानं ती उपरण्यानं पाठीला बांधली. पाठीवर पंप यायचा तिथं पाणी आलं, म्हणून मला बरं वाटलं.

बेटावर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एरवी तिथं टिटव्या डोकं उठवतात, त्या दिवशी एकही नव्हती. नात वही घेऊन लव्हाळ्यात शिरली. पोरानं ताडपत्री बांधली, घामाघूम झाला आणि कॅन तोंडाला लावून घटाघटा प्यायला. मग माझ्या ओंजळीत ओतलं. मला कडवट लागलं. मी तंबाखू खाते, मला सगळंच कडवट लागतं. मी एक घोट गिळला, उरलेल्यानं तोंड धुतलं.

"आजी, समुद्राचं पाणी खरंच खारं असते काय?"

"तुही बहीण सांगन. मी काय पाह्यलं?"

"मी येताना बाटलीत भरून आणतो. बाबाले चाखाले देतो."

तो पुन्हा प्यायला. पाऊण तास गेला असेल. तो रेतीवर कुशीला वळून पडला होता, मला वाटलं झोपला. मग त्याच्या तोंडातून लाळ गळताना दिसली. हात लावला तर अंग पाण्यातून काढल्यासारखं ओलं. पोट धरून तो ओकला. मी त्याची पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढी झाली होती. तसे डोळे मी आधी पाहिले होते, धुऱ्यावर पडलेल्या त्या दोघांतल्या एकाचे.

नातीला हाक मारली. ती धावत आली, भावाकडे पाहिलं, मग कॅनकडे. बूच काढून तिनं वास घेतला. कॅन उलटी करून सगळं पाणी ओतलं, तशीच उलटी धरून झटकली. कॅनचा दांडा आतून पोकळ असतो. त्यातून दोन-चार थेंब आले, दुधासारखे पांढरे. राख आणि गोटे तिथवर पोहोचलेच नव्हते. पाठीवर आडवी-तिडवी बांधून आणताना पाणी त्या दांड्यात शिरून बाहेर आलं होतं.

"ह्या कायच्या कॅन हायेत, आजी?"

"औषधाच्या."

पोराला तिनं पाठीवर घेतलं, मी मागून पाय धरले, तशी धार ओलांडली. गिट्टीच्या ट्रकवाल्यानं पांढरकवड्यापर्यंत नेलं, तिथून गाडीनं यवतमाळ. वाटेत तो थरथरत होता आणि मी त्याच्या तोंडातली लाळ पदरानं काढत होते. डॉक्टर बाईनं विचारलं, काय प्याला? मी कॅन बरोबर आणली होती, ती पुढं केली.

"फवारत होता का?"

"नाही. प्यायचं पाणी होतं त्यात."

"कोणी भरलं?"

"मी."

तिनं कॅन बाजूला ठेवली आणि सुई भरायला घेतली. बाजूच्या खाटांवर फवारणीतलीच माणसं होती. त्यांचे हात खाटेला बांधले होते, कारण ते हवेत काहीतरी पकडत होते. पोराचेही रात्रीपर्यंत बांधले. माझ्या एका घोटानं मला दोन दिवस मळमळलं, एवढंच. माझा मुलगा येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. माझ्याकडे न पाहता तो पोराचे पाय चोळत होता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकराव्या दिवशी पोराला घरी आणलं. तो जगला. हाताला बारीक कंप राहिला, पेन धरताना दिसतो. सुट्टी लागली होती, पण बेट राहून गेलं. पंप मात्र मुलानं त्याच्या पाठीवर कधी चढवला नाही. त्या दिवसापासून मी पाण्याचा पेला दिला की नात आधी नाकाशी नेते, मग पिते. मला दिसू नये म्हणून तोंड फिरवते. मला दिसतं.

घरी आल्या आल्या मी तिसरी कॅन शोधली. फळीवर नव्हती. सुनेला विचारलं.

"शेजारची घेऊन गेली. तुमी नव्हत्या. धुतलेली दिसली म्हून म्या देल्ली."

शेजारीण म्हणाली, "मी कायले ठेवू? मुकुटबनले वेचणीले बाया जाऊन राह्यल्या, त्यायले देल्ली. काहून व, परत पाह्यजे काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी मुकुटबनला गेले. वेचणीच्या बाया जिथं मालवाहू गाडीची वाट पाहतात तिथं उभी राहिले. माझी कॅन मी ओळखेन असं वाटलं होतं. चित्र खरवडलेलं, चाकूचे ओरखडे उठलेले. बाया आल्या. वीस-पंचवीस असतील. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, शाळेतल्या वयाच्या पोरी. जवळजवळ प्रत्येकीच्या हातात पांढरी कॅन होती आणि प्रत्येक कॅनवरचं चित्र खरवडलेलं होतं.

मी सांगितलं. दांड्याचं सांगितलं, पोराचं सांगितलं. दोघींनी तिथंच पाणी ओतून दिलं. एक म्हणाली, "आमी तं किती सालापासून यातच पेतो, बुढे."

गाडी आली. बाया चढल्या, कॅनही चढल्या. त्यातली माझी कोणती होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.