सोळा खेळणी आणि मोताळ्याच्या आजी

मंडळी, आज पहाटे अमेरिकेहून मुंबईत उतरले. आता खामगावच्या गाडीत बसून लिहितेय.

सोळा तासांचा विमानप्रवास, मांडीवर दीड वर्षाची मीरा. दर तासाला एक नवं खेळणं, असा तक्ताच केला होता. सोळाही खेळणी चौथ्या तासाला संपली आणि तिने विमान डोक्यावर घेतलं.

शेजारी मोताळ्याच्या एक आजी होत्या. "दे वं माय, पोरीले इकडे."

मी सहसा मदत घेत नाही. पण पोरगी दिली.

जाग आली तेव्हा मीरा त्यांच्या बांगड्यांशी खेळत होती आणि माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मी ओशाळले.

त्या हसल्या. "पोरगी कायची झोपते? म्या तं तुलेच थोपटलं."

याआधी मला कुणी थोपटलं होतं, आठवत नाही. तुम्हाला कुणी थोपटलेलं आठवतं?