दुसऱ्याच्या मापाचे हेडर

आमच्या सरांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. नाशिकमधलं आमचं छोटं ऑफिस कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान दाखवणारे संगणक बसवायचं, आणि सर तिथले सर्वज्ञ.

त्या संगणकांवर लिनक्स चालायचं, आणि लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. सेन्सरचं कार्ड त्याच्याशी बोलावं म्हणून ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम कंपाइल, म्हणजे त्या संगणकासाठी तयार, करावा लागतो, आणि त्याला नेमक्या त्याच कर्नलच्या हेडर फाइल लागतात. हेडर म्हणजे कर्नलची मापं, कोणती गोष्ट कुठे ठेवलीय ते. एकाच्या मापाने दुसऱ्याचा सदरा कुणी बेतत नाही. सर बेतायचे. साइटवर नेट रडतं म्हणून स्वतःच्या लॅपटॉपमधले हेडर पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचे. आवृत्ती जुळत नाही अशी तक्रार आली, की फाइलमधला आवृत्तीचा आकडाच हाताने बदलून मोकळे. मी बोलले तर म्हणायचे, चालतंय ना, मग झालं. हा निर्लज्जपणा त्यांना अनुभव वाटायचा.

निफाडजवळ एका ताईंचं कोल्ड स्टोरेज होतं. तिथला संगणक सारखा बंद पडतोय, असा त्यांचा फोन आला म्हणून मी गेले. आत त्यांच्या हंगामाची सगळी द्राक्षं, दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता. पडद्यावर एक अंश दिसत होता, आणि कितीही वेळ पाहिलं तरी एकच. भिंतीवरचा साधा थर्मामीटर सरांनी जुनाट म्हणून आधीच काढायला लावलेला. हेडर उघडून पाहिले, तर आकडा बदललेले, सरांचेच. ड्रायव्हर भलत्याच जागेचा आकडा वाचून दाखवत होता, आणि त्यामुळेच संगणकही बंद पडत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मोबाइलच्या नेटवर खरे हेडर उतरवले, ड्रायव्हर पुन्हा कंपाइल केला, चढवला. पडद्यावर अकरा आले. द्राक्षं टिकायला शून्य-एक अंशच लागतो.

ताई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुम्ही हात लावला आन् अकरा झाले. तवर एकच व्हता."

त्यांनी तिथूनच सरांना स्पीकरवर फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, तिला मी काही सांगितलं नव्हतं, तिने उगाच छेडलं असणार. मी ताईंना म्हटलं, आत जाऊन पेट्यांना हात तरी लावा. दार उघडलं की थंडावा जातो, असं सरांनीच बजावलंय, म्हणाल्या.

मी दार उघडलं. थंडावा आलाच नाही, आंबूस वास आला. ताईंनी एका पेटीत हात घातला आणि तसाच ठेवला. दुसऱ्या हातातल्या फोनवर त्या हलक्या आवाजात विचारत होत्या, "सर, आता काय करू?"