टेल्युरियम आधी की आयोडीन?

तीन दिवस आणि त्या दिवसांचे जबाबदार प्रथम नमूद करतो. पंचावन्न सालच्या नाताळच्या सुट्टीआधीचा शनिवार: आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पुढच्या जानेवारीतला संचारबंदीचा बुधवार: कॉलेजचे प्राचार्य. कॉलेज पुन्हा उघडले तो सोमवार: भिंतीवरच्या तक्त्यावर ब्रश फिरवण्याचा हुकूम देणारी व्यक्ती, जिने तो आजतागायत कबूल केलेला नाही.

मी गिरगावातून दादरच्या कॉलेजात इंटर सायन्सला जात असे. सहामाहीत आवर्त सारणीची रचना विचारली होती. प्राध्यापकांच्या नोट्सप्रमाणे उत्तर एकच: मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली आहेत. मी लिहिले की खरा क्रम अणुक्रमांकाचा आहे. म्हणूनच टेल्युरियम वजनाने जड असूनही आयोडीनच्या आधी बसते. त्याचे गोत गंधकाचे. आयोडीनचे गोत क्लोरीन-ब्रोमीनचे, आणि त्या उभ्या रांगेत वायू, द्रव, घन असे खाली उतरताना क्रियाशीलता घटत जाते.

शून्य गुण. त्या शून्याने मी विषयात नापास झालो. नापासाला टर्म मिळत नसे, आणि टर्म नाही तर विद्यापीठाची परीक्षा नाही.

शनिवारी पेपर हातात पडताच मी उभा राहिलो. "सर, आपल्या मागच्या तक्त्यावरही टेल्युरियमच आधी आहे."

त्यांनी वळून पाहिले. वर्ग हसला. माझा गुन्हा तेवढाच.

"तो तक्ता लालबागच्या पेंटरने रंगवलाय. गणपतीचे पडदे रंगवणारा माणूस, चुकला असेल. आणि आपण काय, वकिली करायला आलात इथे?"

मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "सर, पोटॅशियमआधी जड आरगॉन आहे. तिथंही पेंटरच चुकला का?"

"गप्प बसा!"

मी प्राचार्यांकडे लेखी अर्ज केला. त्यांनी सुनावणीस बुधवार दिला. त्या दिवशी गिरगावात संचारबंदी होती. चाळीच्या जिन्याखाली पोलीस उभे होते. मुंबईसाठी माणसे गोळ्या झेलत होती. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध कधीच नव्हती. तक्रार आहे ती प्राचार्यांनी कॉलेजच्या आवारातल्या बंगल्यात बसून लिहिलेल्या शेऱ्याविरुद्ध: "अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली."

सोमवारी वर्गात ताज्या तैलरंगाचा वास येत होता. तक्त्यावरचे दोन चौकोन नवे चकाकत होते. आयोडीन आता सेलेनियमखाली, टेल्युरियम ब्रोमीनखाली. आरगॉन-पोटॅशियमला हात लावला नव्हता. खोटेपणासुद्धा पुरता करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

लालबागला जाऊन मी पेंटरला गाठले. "मी पुस्तकात बघूनच काढलं होतं हो," तो म्हणाला. "कॉलेजचा शिपाई निरोप घेऊन आला, दोन चौकोन बदल. बदलले."

"निरोप कोणाचा?"

"ते त्यानं सांगितलं नाय."

वर्ष गेले. वडील त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले, आणि मला केमिस्ट होण्याऐवजी फोर्टातल्या सॉलिसिटरकडे कारकून व्हावे लागले. तेथे मी इतरांचे पुरावे जपले. माझा पुरावा रंगाखाली आहे.

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात त्याच प्राध्यापकांच्या सत्काराची बातमी वाचली. आवर्त सारणी त्यांच्याइतकी सोपी करून कोणी शिकवली नाही, असे वक्ते म्हणाले. तेव्हा त्याच वर्तमानपत्रात, स्वतःच्या सहीने, त्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. टेल्युरियम आधी की आयोडीन? आणि शिपायाला लालबागला कोणी पाठवले?