शून्यातलं रक्त

रेकॉर्ड रूमच्या मावशींनी तो कागद अधीक्षकसाहेबांच्या टेबलावर ठेवला नाही, आपटला. चहाचा कप बशीत टुणकन उडाला. बाहेर बाकावर बसलेला शिपाई दार किलकिलं करून आत डोकावला. तीस वर्षांत मावशींचा आवाज त्या खोलीत चढला नव्हता, आणि फुकटचा नाटकाचा प्रयोग कोण सोडतो?

"साहेब, हे शून्य कुणी लिहिलं?"

"मावशी, आधी बसा. पाणी घ्या."

"पाणी राहू द्या. शून्याचं बोला."

कागद वरच्या कार्यालयातून आला होता. पोटात दुर्बीण घालून तपासायची खोली पुढच्या महिन्याच्या एक तारखेला बंद करायची, यंत्र दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं. कारण एका ओळीत दिलं होतं: गेल्या तीन वर्षांत या रुग्णालयात रक्तस्राव झालेल्या अल्सरचे रुग्ण शून्य.

शून्य! ज्या रुग्णालयाच्या दारात माणसं बादली हातात धरूनच रिक्षातून उतरतात, पांढरीफटक, घामानं डबडबलेली, तिथे शून्य! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उगाच नव्हे. दुर्बिणीच्या खोलीतल्या डॉक्टरबाई अर्ध्या तासात रक्ताची जागा शोधतात, तिथे बारीकसा चिमटा लावतात आणि माणूस वाचतो. दुसरं रुग्णालय दोन तासांवर. दोन तास पोटातलं रक्त कुणासाठी थांबतं?

साहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच म्हणाले, "मावशी, मी कशाला लिहीन? आकडे तुमच्याच खोलीतून वर जातात."

मावशींनी कागद उचलला आणि त्या तळघराचा जिना उतरल्या.

तळघरात त्यांची रेकॉर्ड रूम. एका भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं दिवसभर घुमत, त्यामुळे फायलींनाही साबणाचा वास. रुग्ण घरी गेला की त्याचं डिस्चार्ज कार्ड इथे यायचं आणि मावशी त्याच्या आजाराला आकडा द्यायच्या. जगभर एकच पुस्तक, त्यात हरेक दुखण्याला आपला कोड. जठराचा अल्सर म्हणजे के पंचवीस. त्यापुढे टिंब आणि टिंबापुढे एक आकडा. चार असला तर अल्सरमधून रक्त गेलं. नऊ असला तर रक्त नाही, भोक नाही, नुसता अल्सर. एवढ्याशा आकड्यात माणसाचं मरण किंवा जगणं मावायचं.

पूर्वी हे काम मोठ्या वहीत चाले. तेव्हाचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, प्रत्येक कार्ड आधी मोठ्यानं वाचायला लावत. "दुखणं आधी कानानं ऐका," म्हणत, "मग हातानं लिहा." खोलीत दिवसभर आजारांची बाराखडी चालायची. शेजारच्या धुलाईतल्या बायका म्हणत, "आज काय, किडनीचा दिवस का?" हसून हसून पुरेवाट व्हायची, पण आकडा चुकायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी संगणक आला. डिस्चार्ज कार्डाचे दोन रकाने झाले, मुख्य निदान आणि इतर निदान. डॉक्टर वरच्या रकान्यात लिहीत 'जठराचा अल्सर', खालच्यात 'रक्ताच्या उलट्या'. संगणक दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचायचा आणि दोन कोड पुढे करायचा: वर के पंचवीस टिंब नऊ, रक्त नसलेला अल्सर, खाली पोटातला रक्तस्राव, कारण अज्ञात. पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की अल्सर आणि रक्त एकाच पोटात असतील तर दोघांना मिळून एकच कोड, टिंब चार. पण पडद्यावर 'ठीक' असं हिरवं बटण यायचं, कार्डांचा गठ्ठा मानेपर्यंत चढलेला असायचा, आणि रेकॉर्ड रूममधल्या चौघीजणी ते बटण दाबायच्या. मावशीसुद्धा. वरचं कार्यालय मोजायचं फक्त पहिला कोड. झालं! एकाच माणसाचं पोट वर कोरडं, खाली रक्तानं भरलेलं, आणि मोजणीत आलं ते कोरडंच.

हे सगळं मावशींना तिथेच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लख्ख दिसलं. पायरीवर बसूनच त्यांनी कपाळाला हात लावला. मग उठल्या, खुर्ची ओढली आणि संगणकात पहिली फाईल शोधली ती स्वतःच्या नवऱ्याची.

नवरा बसचा निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर उभं राहून गुडघे गेले, म्हणून दुखणं थांबवायच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, बहुतेक उपाशीपोटी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात कोसळला. तोंडातून रक्त, शौचाला डांबरासारखं काळं. डॉक्टरबाईंनी चिमटा लावला आणि तो घरी आला. चौथ्या दिवशी मावशी कामावर गेल्या, आणि ते डिस्चार्ज कार्ड दुसरीच्या हातात जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः घेतलं होतं.

पडद्यावर ते कार्ड उघडलं. के पंचवीस टिंब नऊ. रक्त नाही. खाली कोड देणाऱ्याची आद्याक्षरं: मावशींचीच.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला रक्ताची उलटी झालीच नव्हती."

"असं?" नवरा पेपर बाजूला ठेवत म्हणाला. "मग त्या दिवशी न्हाणीघर कुणी रंगवलं?"

"थट्टा नको. मी लिहिलंय तसं. मी! माझ्या हातानं!"

"अगं, मग पुसून टाक की."

"पुसायचंच आहे. पण तुमचं एकट्याचं नाही. तीन वर्षांचे सगळे."

"म्हणजे मी आता एकट्यानं जेवायचं?"

"जेवा तरी! तेवढंच शिका!"

दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्ड रूममध्ये पुन्हा मोठ्यानं वाचन सुरू झालं. जेवणाची सुट्टी आणि शनिवारची अर्धी रजा मावशींनी त्यात घातली. बाकी तिघींना सक्ती केली नाही, पण पहिल्याच दुपारी तिघीही डबे घेऊन टेबलाशी आल्या. एकीनं अल्सरचं कार्ड वाचायचं, दुसरीनं दुर्बिणीचा अहवाल. अहवालात डॉक्टरबाईंनी 'अल्सरमधून रक्त येत आहे' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो रुग्ण यादीत धरायचा. संशय असेल तिथे सोडून द्यायचा. मावशी या बाबतीत कडक. "खोटं शून्य पुसायला खोटा चार नको," त्या म्हणाल्या.

सुतारकाम करणारा एकजण. दोन मुलांची आई, दाढेसाठी घेतलेल्या गोळ्यांनी अल्सर झालेली. एक शाळामास्तर दोनदा आलेला, आणि दोन्ही वेळा कागदावर कोरडा. आकडा वाढत गेला तशी मावशींची चिडचिडही. "बघा! हा माणूस तीन बाटल्या रक्त घेऊन गेला, आणि म्हणे रक्तस्राव नाही! कुठून आलं ते? नळातून?"

अकराव्या दिवशी बेरीज झाली. एकशे सदतीस.

यादी घेऊन त्या वर गेल्या. साहेबांनी ती पानं चाळली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, खरं आहे हो. पण वर्षं बंद झाली आहेत. बंद वर्षाचा कोड बदलायला वरचे सहजासहजी परवानगी देत नाहीत."

"माणसं बंद झाली का साहेब? ती जिवंत आहेत ना! ज्यांचं रक्त गेलं, ती बाजारात फिरतात. एकेकाला इथे आणून उभं करू?"

"नियम आहे. दुरुस्तीवर त्या त्या रुग्णाच्या डॉक्टरची सही हवी. एकशे सदतीस सह्या कोण करणार?"

"मी करते की," दारातून आवाज आला. दुर्बिणीच्या खोलीतल्या डॉक्टरबाई. शिपायानंच त्यांना वर्दी दिली होती. प्रयोगाचा दुसरा अंक त्याला चुकवायचा नव्हता. "माझे सगळे रुग्ण. कार्डावर दोन ओळींत मीच लिहीत आले, कुणी सांगितलंच नाही की जोडून लिहायचं."

"सांगायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. "मी पुस्तक वाचलेलं होतं, बाई. तुम्ही नव्हे."

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि लिहू लागल्या. मधे एकदा पेन संपलं, तेव्हा साहेबांनी स्वतःचं दिलं.

यादी वर गेली. दुर्बीण राहिली. एक तारखेला यंत्र न्यायला आलेली गाडी रिकामी परतली. रेकॉर्ड रूममधल्या चौघींनी त्या दिवशी डबे लवकर उघडले. पण पंधरा दिवसांत वरून दुसरं पत्र आलं: आपल्या रुग्णालयात रक्तस्रावी अल्सरची संख्या एकाएकी शून्यावरून एकशे सदतीसवर गेली आहे, या साथीचा खुलासा करावा.

"साथ!" मावशी ओरडल्या. धुलाईतल्या बायका भिंतीपलीकडून "काय झालं?" म्हणून विचारू लागल्या. मावशींनी खुलासा लिहायला घेतला आणि चार पानं लिहिली. साहेबांनी त्यातलं 'डोळे फुटले होते का' हे वाक्य तेवढं कापलं, बाकी तसंच पाठवलं.

त्या संध्याकाळी घरी नवरा खाटेवर बसून गुडघा चोळत होता. मग त्यानं एका हातात पाण्याचा पेला घेतला, दुसऱ्यात गुडघ्याची गोळी.

"अहो," मावशी दारातूनच म्हणाल्या, "तुमचं रक्त सापडलं. टिंब चार. यादीत सगळ्यात पहिले तुम्ही."

"पहिला नंबर? शाळेत कधी आला नव्हता." त्यानं गोळी तोंडाकडे नेली.

मावशींनी पर्स तशीच टाकली, धावत जाऊन ती गोळी त्याच्या चिमटीतून काढून घेतली आणि झाकून ठेवलेलं ताट त्याच्यासमोर सरकवलं.

"आधी जेवायचं. पोटभर. आणि उद्या माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे यायचं, ही गोळी बदलून घ्यायला. तुमची फाईल मी आता तिसऱ्यांदा उघडणार नाही."

नवऱ्यानं पहिला घास घेतला. तो घास गिळेपर्यंत मावशी समोर उभ्या होत्या, गोळी मुठीत घट्ट धरून.