अंधेरीचा पब आणि मुलुंडच्या सुनंदाताई

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी. जेवणासाठी पुरस्कार मिळालेल्या उपनगरातल्या दोन पबमध्ये एकाच रविवारी जायचं, दुपारी अंधेरी, संध्याकाळी घाटकोपर, हे ग्रुपवर दिवाळीपासून शिजत होतं. टेबल मी बुक केलं. शनिवारी एकीच्या मुलाला ताप आला, दुसरीकडे सासरचे पाहुणे आले. तिसरीने रविवारी सकाळी नुसते जोडलेले हात पाठवले. मी तोवर कानातले घालून तयार होते. घरात मी एकटीच, ऑफिसचं कामही घरूनच. गेले नसते तर सोमवारपर्यंत कोणाशी बोलणंच झालं नसतं. निघाले.

बोरीवलीहून मेट्रोने अंधेरी पश्चिम, पुढे रिक्षा. तुम्हीही दुपारीच जा. गाणी हळू असतात आणि जेवण गरम येतं. दारातल्या मुलीने चौघींचं टेबल दाखवलं. बाकीच्या येणार नाहीत म्हटल्यावर तिने नम्रपणे विचारलं, बारसमोरची उंच खुर्ची चालेल का. चालली.

शेजारच्या खुर्चीवर साठीपुढच्या एक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मेनूकार्ड पुन्हापुन्हा उलटून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ह्यात आपल्या ओळखीचं काय आहे. ह्या मुलुंडच्या सुनंदाताई. मुलगी अंधेरीत भाड्याने राहते. ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय तो मुलगा ती आईला आज इथेच दाखवणार होती. पत्ता सापडेल की नाही ह्या धास्तीने ताई तासभर आधीच येऊन बसल्या होत्या. होणाऱ्या जावयासमोर त्यांना अडाणी दिसायचं नव्हतं.

मग आमची शिकवणीच सुरू झाली. स्कॉच एग म्हणजे उकडलेल्या अंड्याभोवती खिमा लावून तळलेला गोळा. इथे खिम्याला मालवणी मसाला असतो, झकास लागतो. कुरकुरीत बोंबील आणि बटाट्याच्या जाड फोडी मागवल्या, अर्ध्या अर्ध्या केल्या. माझ्या बिअरचा एक घोट त्यांनी चाखला आणि काढा बरा असा निकाल दिला. बोंबलाचा काटा काढता काढता म्हणाल्या, कोणाबरोबर गप्पा मारत जेवल्याला किती दिवस झाले. माझंही तेच होतं, पण मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात मुलगी आली, मागे तो. आईसमोरच्या रिकाम्या ताटल्या बघून ती थबकली.

"आई, ह्या कोण?"

"ही शुभा. माझी मैत्रीण," ताई म्हणाल्या. "खूप वर्षांची."

मी हसून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मुलीने आईची पर्स उचलली आणि तिघं खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली. जाताना ताईंनी माझा हात क्षणभर दाबून धरला. नंबर घ्यावा असं दोघींच्याही मनात आलं असणार. पण खूप वर्षांच्या मैत्रिणीचा नंबर पोरीसमोर मागायचा कसा? थोड्या वेळाने तिकडे नजर गेली तर ताई त्या मुलाला स्कॉच एग समजावून सांगत होत्या.

डी. एन. नगरहून मेट्रोने थेट घाटकोपर. दुसरा पब पूर्ण शाकाहारी आहे. मिसळीच्या रश्श्यात बुडवून खायचे चीज टोस्ट चुकवू नका. मात्र सगळे पदार्थ दोघांच्या मापाचे येतात. दोन्हीकडे मिळून एका माणसाला तीन हजार पुरतात. समोरच्या खुर्चीवर मी माझी ओढणी ठेवली, अर्धे टोस्ट बांधून घेतले आणि दिवे लागायच्या आत निघाले.

घरी आल्यावर ग्रुपवर बोंबलाचा फोटो टाकला. तिघींनी बदाम पाठवले. कोणाबरोबर जेवलीस, हे एकीनेही विचारलं नाही. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. मुलुंड तसं लांब नाही. पण मुलुंडमध्ये सुनंदा नावाच्या बाया किती असतील, आणि आडनाव विचारायचं राहूनच गेलं होतं.