कमीत कमी रक्कम

७ जून १९९५. तंजावुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी पितळी भांडी एकात एक घालून पोत्यात बांधत होते. यजमानांना पुण्यात रंगीत टीव्ही विकणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्यांच्या घराशेजारचा जमिनीचा तुकडा आमच्यासाठी बोलून ठेवला होता. इसार त्यांनीच दिला. उरलेली रक्कम तिसऱ्या पोंगलपर्यंत, म्हणजे तिकडच्या संक्रांतीपर्यंत, द्यायची होती. "मग येऊन घर बांधा, माझ्या डोळ्यांसमोर राहा," अप्पा म्हणाले. मी हो म्हटलं.

पुण्यात माझ्या तंजावुरी मराठीला लोक हसले. वर्षभरात मी ती सुधारून घेतली. तुम्ही नातेवाईक जे तिकडे तंजावुरातच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इथे चैन केली. केली, पण कार्डावर. यजमानांना ऑफिसात क्रेडिट कार्ड मिळालं. त्यावर फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, तिकडे न्यायच्या साड्यासुद्धा आल्या. बिलावर दोन आकडे असायचे: एकूण बाकी आणि कमीत कमी भरायची रक्कम. मी दुसरा भरायचे. चेक मुदतीच्या तीन दिवस आधी, न चुकता. त्याचा मला गर्वही होता.

आपल्याकडे दागिना गहाण ठेवला की असंच चालतं. वट्टी, म्हणजे व्याज, वेळेवर दिली की दागिना सुखरूप. मुद्दल भात विकल्यावर. "वट्टीचा दिवस तेवढा चुकवू नको," अप्पा आईला बजावायचे. मी कार्डाला तोच नियम लावला. जागेचे पैसे मुदत ठेवीत साठवत गेले आणि त्यांना हात लावला नाही.

तिसरा पोंगल दोन महिन्यांवर आला, तरी कार्डाची बाकी चाळीस हजारांखाली येईना. मी बँकेत गेले.

"काकू, वेळेवर भरता म्हणून दंड लागत नाही, एवढंच," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "व्याज सगळ्या बाकीवर चालूच आहे."

"दर महिन्याला दोन हजार भरते मी!"

"त्यातले हजार व्याजातच जातात. वर तुमची नवी खरेदी. जुनी बाकी असली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. आणि बाकी उतरली की ही कमीत कमी रक्कमही उतरते, म्हणजे फेड आणखी लांबते." ती हसली. "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं बँकेला फार आवडतात हो."

ठेवीत बेचाळीस हजार होते. ठेवीवर वर्षाला मिळणारं व्याज कार्ड चार-पाच महिन्यांत खात होतं. घरी येऊन यजमानांना हिशेब दाखवला. "मग जागा?" त्यांनी विचारलं. मी कपाटातून ठेवीची पावती काढून पर्समध्ये ठेवली.

घर कुठे, असं आता कोणी विचारलं तर मी या भाड्याच्या दोन खोल्यांचा पत्ता सांगते. तंजावुरात मी पाहुणी आहे आणि इथे भाडेकरू. यात पुढे काही बदलेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेव मोडली, कार्डाची सगळी बाकी भरली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून अप्पांना फोन केला. मालकाला जागा दुसऱ्या कोणाला देऊ द्या, मी म्हणाले.

"इसार बुडाला बाळ," अप्पा म्हणाले. "पोंगलला तरी येतीस?"

समोर मीटर पळत होता. "पाहते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.