बिननावाचा मान

आम्हा गॉब्लिनांत मूल जन्मलं की त्याचं नाव चांगलं लांबलचक ठेवतात आणि पुढे जन्मभर ते छाटत बसतात. हातून काही चांगलं काम झालं की पंच त्यातला एक शब्द काढून टाकतात. नाव जितकं आखूड, तितका मान मोठा. माझं अजून सात शब्दांचं आहे आणि त्यातला 'आळशी' काही केल्या निघत नाही. पंचांची नजर अधू झाली आहे, एवढंच म्हणतो.

शेजारची भातेवाली जन्मली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'मागच्या गल्लीतल्या भातेवाल्याची तिसरी रडकी नकटी'. पाठीवर भाऊ झाला, तेव्हा शेवटी 'ताई' जोडलं गेलं. लोहारांचे भाते शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भाता दाबून शिवणीशी मेणबत्ती धरली तरी ज्योत हलायची नाही. मग नावातला एकेक शब्द गळत गेला. 'रडकी' निघालं त्या दिवशी ती आनंदाने ढसाढसा रडली आणि पंचांनी बघून न बघितल्यासारखं केलं. अखेर नुसतं 'ताई' उरलं. म्हातारेकोतारेसुद्धा तिला ताईच म्हणायचे.

भाऊ तिच्यापाशीच राहायचा. भट्टीची ठिणगी उडून त्याचे डोळे गेले होते. मागच्या खोलीत बसून तो तिच्या दोऱ्याला मेण लावायचा आणि दिवसभर हाका मारायचा. ताई, दोरा संपला. ताई, कोण आलंय. ताई, काही नाही, आहेस ना ते बघितलं. भिंतीपलीकडे मला वैताग यायचा. तिला कधी आला नाही.

गेल्या हिवाळ्यात पंचांनी तिचा हा शेवटचा शब्दही काढायचं ठरवलं. याहून मोठा मान आमच्यात नाही. बिननावाच्या थोरांना कोणी कुठल्याच शब्दाने हाक मारायची नसते. समोर जायचं, मान झुकवायची आणि बोलायला लागायचं. घरच्यांनाही सूट नाही. आमचे थोरले पंच तसे आहेत. त्यांची बायको त्यांना जेवायला बोलवायचं तर ताट वाजवते. आणि हा मान नाकारला, तर आजवर छाटलेले सगळे शब्द परत येऊन चिकटतात. म्हणून आजवर कोणी नाकारला नव्हता.

गल्लीभर आनंद झाला. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? भातेवाली मात्र सुई हातात धरून नुसती बसून राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भावाने समोर येऊन मान झुकवायची, तर मी कुठे आहे ते आधी त्याला कळायला नको का?"

तोही ताट वाजवेल, असं मी सुचवून बघितलं.

"वाजवेल. पण ताट वाजवून 'आहेस ना' असं कसं विचारणार?"



सभेच्या दिवशी भावाचा हात धरून ती पंचांपुढे उभी राहिली. म्हणाली, "माझे सगळे शब्द परत द्या. रडकी, नकटी, सगळे."

कुजबुज झाली. म्हातारपणी हिची अक्कल गेली, असंही कोणी म्हणालं. थोरल्या पंचांनी दुसऱ्या एका पंचाकडून तिचं सगळं नाव मोठ्याने वाचून घेतलं. मला फार वाईट वाटलं. जन्मभराची कमाई एका दुपारी मातीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "मागच्या गल्लीतल्या भातेवाल्याची तिसरी रडकी नकटी ताई," तो म्हणाला आणि थांबून त्याने श्वास घेतला. "काही नाही. आहेस ना ते बघितलं."

"आहे रे," ती म्हणाली.

हल्ली थोरले पंच अधूनमधून एक धडधाकट भाता घेऊन तिच्या दुकानात येतात. शिवण जरा बघ म्हणतात, आणि आतून हाक येईपर्यंत बसून राहतात.